मोठी दुर्बीण कपाटातच राहू द्या

खगोलशास्त्राच्या वर्गात तेजोमेघाचा किंवा दीर्घिकेचा फोटो काढायचं ठरलं, की सगळ्यांची नजर आधी संस्थेतल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीकडे जाते. आठ इंची आरसा, दोन मीटरची फोकल लेंथ, उचलायला दोन माणसं लागतील असा माउंट, म्हणजे दुर्बिणीची फिरती बैठक. डोळ्यांनी पाहायला ती उत्तम. पण जी मुलं पहिल्यांदाच फोटो काढणार आहेत त्यांच्या हाती ती देऊ नये. त्यांना एक साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, १३५ ते २०० मि.मी. ची लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र) द्या. त्याच रात्री फोटो हातात पडतो. मोठ्या दुर्बिणीवर पहिल्या रात्री बहुतेक वेळा तारे कॅमेऱ्यात सापडतच नाहीत, आणि सापडले तर त्यांच्या रेघा होतात.

असं का होतं ते मुलांनी दिवसाउजेडी फळ्यावर काढावं. एका पिक्सेलमध्ये किती विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मावतं याचं सूत्र सोपं आहे: २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मि.मी. मध्ये. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. २०० मि.मी. लेन्सवर उत्तर येतं ४ विकला. आठ इंची एफ १० (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या दहापट) दुर्बिणीची फोकल लेंथ २०३२ मि.मी., तिथे उत्तर ०.४ विकला. म्हणजे माउंटची जी चूक लेन्सवर एका पिक्सेलएवढी दिसेल ती दुर्बिणीवर दहा पिक्सेल दिसणार. फ्रेमही तशीच आकसते: २०० मि.मी. ला साधारण ६.७ गुणिले ४.५ अंश, दुर्बिणीला ०.६६ गुणिले ०.४४ अंश. देवयानी दीर्घिका, म्हणजे मेसिएच्या यादीतली एम ३१, आकाशात तीन अंश पसरलेली आहे. दुर्बिणीत तिचा गाभा तेवढा येईल, आणि दीर्घिका म्हणून पांढरट धुकं का दिसतंय हे समजावण्यात तास संपेल.

हेच सूत्र उलटं वापरून लक्ष्य निवडता येतं. वस्तूचा आकार विकलांत घ्यायचा आणि चारने भागायचा. एम ४२, मृगातला तेजोमेघ, एक अंशाचा: ९०० पिक्सेल. कृत्तिका जवळपास दोन अंश: १६०० च्या वर. शौरीतला गोलाकार गुच्छ एम १३ वीस कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग): ३०० पिक्सेल, कडेचे तारे सुटे दिसतील एवढे. शामशबलातली भोवऱ्यासारखी दीर्घिका एम ५१ अकरा कला: १६५ पिक्सेल, सर्पिल भुजा ओळखू येतात, त्यापुढे काही नाही. स्वरमंडलातलं कंकण एम ५७ जेमतेम १.४ कला: २१ पिक्सेल. मुलांना ते कंकण हवंच असतं, कारण पुस्तकात ते पानभर छापलेलं असतं. ठिपका मिळणार हे आधी गणितातून कळलेलं बरं.

पहिल्या वर्षी माझी निवड ठरलेली असेल. ऑक्टोबर ते डिसेंबर एम ३१, डिसेंबर ते फेब्रुवारी एम ४२ आणि कृत्तिका, फेब्रुवारी ते एप्रिल कर्क राशीतला एम ४४, जून ते ऑगस्ट धनूमधला एम ८ आणि त्याच्या शेजारचा एम २०. शेवटचे दोघे २०० मि.मी. च्या एकाच फ्रेममध्ये बसतात.

यादीतल्या प्रतीवर (तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) विश्वास ठेवू नका, हेही इथेच सांगायला हवं. एम ३३ ची प्रत ५.७ आणि एम १०१ ची सुमारे ७.९ लिहिलेली असते. आकडे बघून मुलं ही सोपी लक्ष्यं समजतात. पण तो सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर येणारी ती प्रत आहे. एम ३३ चा प्रकाश एक अंशाहून लांब पट्ट्यावर पसरलेला असतो, म्हणून एकेका पिक्सेलच्या वाट्याला फार थोडा येतो. याउलट एम ५७ ची प्रत ८.८ असूनही तो छोट्या जागेत एकवटलेला आहे, आणि शहरातूनही उमटतो.

आकाश किती उजळ आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. दाट वस्तीच्या शहराच्या आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेला १८ प्रतीच्या आसपास असते, चांगल्या काळोख्या जागी २१.५. फरक साडेतीन प्रतींचा, म्हणजे पार्श्वभूमी सुमारे २५ पट उजळ. अंधुक दीर्घिकेचा जो दर्जा काळोखात एका तासात मिळतो तो शहरातून मिळवायला जवळपास २५ तास लागतील. तारकागुच्छांना हा फटका फारसा बसत नाही, कारण ताऱ्याचा प्रकाश थोड्याच पिक्सेलांत साठतो. म्हणून शहरातल्या वर्गाने गुच्छ घ्यावेत, मग एम ४२ सारखे तेजस्वी तेजोमेघ, आणि दीर्घिका सहलीसाठी राखून ठेवाव्यात. अष्टमीच्या पुढे वाढत गेलेला चंद्र आकाशात असेल तर सहलीचाही उपयोग नाही.

आता एक्स्पोजर. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, तो तेजोमेघाचा पहिला फोटो. काच उघडी ठेवली होती सुमारे ५० मिनिटं, सलग. आज सलग पन्नास मिनिटं कोणी ठेवत नाही. एक विमान गेलं, एक धक्का बसला की सगळं वाया. त्याऐवजी छोटे छोटे शेकडो फोटो घेऊन ते संगणकावर एकमेकांवर रचतात, म्हणजे स्टॅकिंग. सिग्नल, म्हणजे वस्तूचा प्रकाश, फ्रेमच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १२० फ्रेम रचल्या तर एका फ्रेमपेक्षा गुणोत्तर सुमारे ११ पट सुधारतं. आणखी दुप्पट सुधारणा हवी तर ४८० फ्रेम लागतील. मुलांना हा वर्गमुळाचा नियम पटवायचा तर एकाच रात्रीचे ४, १६ आणि ६४ फ्रेमचे तीन स्टॅक शेजारी ठेवा, आणि रिकाम्या आकाशाच्या तुकड्यातलं प्रमाण विचलन मोजायला लावा. स्टॅकमध्ये फ्रेमची सरासरी घेतलेली असते, म्हणून दर पायरीला ते निम्मं व्हायला हवं. ६४ ला ते तेवढं उतरलं नाही तर कॅलिब्रेशनमध्ये (कॅमेऱ्याचे दोष काढण्याची पायरी, ती पुढे येते) काहीतरी बिनसलंय.

ट्रॅकर असेल तर २०० मि.मी. वर ३० सेकंदांचं एक्स्पोजर, एफ ४, आयएसओ ८०० किंवा १६००, आणि १२० फ्रेम. एक तास होतो. तीस सेकंदांपर्यंत कॅमेऱ्याचं स्वतःचं शटर चालतं, बल्ब मोडची भानगड नाही. शिवाय छोट्या ट्रॅकरच्या गिअरमध्ये एक आवर्ती चूक असते, ती आठ-दहा मिनिटांच्या चक्रात ताऱ्याला पुढे-मागे हलवते. एक्स्पोजर मिनिटभराचं केलं की त्या चक्राच्या वेगवान भागातल्या फ्रेम लांबट होऊन फेकाव्या लागतात. एक्स्पोजर पुरेसं झालं का हे बघायला कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत त्याचा आलेख) उघडा: आकाशाचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर आला पाहिजे. कडेला चिकटला असेल तर अंधुक भाग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नॉइजमध्ये बुडाला. मध्याच्या पलीकडे गेला असेल तर ताऱ्यांचे रंग जळाले.

ट्रॅकर नसेल तरी काम अडत नाही. तारा खगोलीय विषुववृत्ताजवळ सेकंदाला १५ विकला सरकतो. १३५ मि.मी. लेन्सवर पिक्सेल ६ विकलांचा, म्हणजे सेकंदाला अडीच पिक्सेल. एक सेकंदाचं एक्स्पोजर ठेवा आणि बाराशे फ्रेम घ्या: वीस मिनिटं झाली. ५० मि.मी. वर तीन सेकंद चालतात. ध्रुवाकडे जाल तसा वेग कमी होतो, क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, ६० अंश असेल तिथे निम्मा. फ्रेम मात्र दर दहा मिनिटांनी पुन्हा जागेवर आणावी लागते, कारण तेवढ्यात आकाश अडीच अंश सरकलेलं असतं. हे काम कंटाळवाणं आहे खरं. पण पृथ्वी फिरते हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला ते खरं वाटतं ते दर दहा मिनिटांनी तिवईचा स्क्रू सैल करताना.

कॅमेऱ्याच्या मेनूत चार गोष्टी आधीच बघून घ्या. फाइल रॉ मध्येच: १४ बिट रॉ मध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६, आणि आपल्याला हव्या त्या अंधुक भुजा खालच्या मोजक्या पायऱ्यांतच असतात. लॉंग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ झाकलेला फोटो घेत बसतो आणि अर्धी रात्र जाते. ऑटोफोकस बंद. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. तिवईवर ते चालू राहिलं तर ते स्वतःच तारे हलवतं. आणि इंटरव्हलोमीटरचं (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारी सोय) एक फसवं गणित: बऱ्याच कॅमेऱ्यांत ३० सेकंद म्हणजे प्रत्यक्षात ३२ सेकंद असतात, आणि इंटरव्हल मोजतात ती एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत. इंटरव्हल ३१ ठेवली की एक सोडून एक फोटो गळतो, आणि तासाभराने १२० ऐवजी ६० फ्रेम मिळतात. ३५ ठेवा.

ध्रुव साधणं, म्हणजे पोलर अलाइनमेंट, याचा वर्गात उगाच बाऊ होतो. ट्रॅकरचा अक्ष खऱ्या ध्रुवापासून १० कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त २.६ विकला सरकतो. आपल्या तीस सेकंदांत १.३ विकला, म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा. दिसणारही नाही. तीच चूक घेऊन मोठ्या दुर्बिणीवर दोन मिनिटांचं एक्स्पोजर द्या, तारा तेरा पिक्सेल लांब होईल. लेन्स वापरण्याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण हेच: मुलांच्या हातून होणारी चूक ती पोटात घेते.

पण ध्रुवताऱ्यावरच रोखून थांबू नका. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला दूर आहे. पोलर स्कोपमधल्या (ट्रॅकरच्या अक्षातली छोटी दुर्बीण) वर्तुळावर, मोबाइल ॲप दाखवेल त्या घड्याळाच्या स्थितीत तो बसवावा लागतो. तिवई आधी समतल करा, अक्षाची उंची त्या जागेच्या अक्षांशाएवढी ठेवा, कॅमेरा आणि लेन्स चढवून तोल साधा, आणि मगच ध्रुव साधा. हा क्रम उलटला, म्हणजे आधी ध्रुव साधून मग दीड किलोचा कॅमेरा लटकवला, की सगळं पुन्हा करावं लागतं. मऊ मातीत तिवईचे पाय हळूहळू रुततात. पायांखाली फळीचे तुकडे ठेवा. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ तेजस्वी तारा नाही, तिथे अष्टक तारकासमूहातले अंधुक तारे शोधावे लागतात किंवा प्लेट सॉल्व्हिंग करणारं, म्हणजे फोटोतले तारे ओळखून दिशा सांगणारं, सॉफ्टवेअर वापरावं लागतं.

ट्रॅकरवरचं बटण वाचल्याशिवाय सुरू करू नका. त्यावर ताऱ्यांचा, सूर्याचा आणि चंद्राचा वेग वेगळा असतो, शिवाय उत्तर-दक्षिण असा खटका. चंद्राच्या वेगावर राहिलं तर तारे मिनिटाला ३३ विकला घसरतात. खटका उलटा असेल तर ट्रॅकर बंद असताना उमटते त्याच्या दुप्पट लांब रेघ उमटते.

फोकस. लेन्सवरची अनंताची खूण अनंतावर नसते. तेजस्वी तारा फ्रेमच्या मध्यावर घ्या, व्याध किंवा अभिजित, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि तारा सर्वांत लहान होईपर्यंत रिंग फिरवा. बाहतिनोव्ह मास्क असेल तर काम नेमकं होतं: लेन्सवर चढवला की ताऱ्याला तीन रेघा फुटतात, मधली रेघ बाकीच्या दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मास्क जाड काळ्या कागदातून कापून वर्गातच करता येतो. एफ ४ ला फोकसची मुभा असते सुमारे ४० मायक्रॉनची, केसाच्या जाडीहून कमी, म्हणून फोकस झाल्यावर रिंगला चिकटपट्टी लावा. तापमान उतरलं की लेन्स आकसते, तासाभराने पुन्हा तपासा. आणि मास्क काढा! सगळ्या ताऱ्यांना तीन-तीन मिशा असलेल्या शंभर फ्रेम जवळपास प्रत्येक वर्गाच्या संग्रहात सापडतील.

एका कॅमेऱ्यामागे चार-पाच मुलं पुरे. एक लक्ष्य शोधेल, एक फोकस आणि सेटिंग सांभाळेल, एक दर दहा मिनिटांनी शेवटची फ्रेम मोठी करून तारे गोल आहेत का बघेल, आणि एक वही लिहील: वेळ, वस्तू, आयएसओ, एक्स्पोजर, फ्रेमची संख्या, तापमान, ढग, कोणाचा पाय कधी लागला. वही लिहिणाऱ्याचं काम सर्वांना दुय्यम वाटतं, पण दुसऱ्या दिवशी संगणकासमोर सगळे त्याच्याच मागे लागतात. फ्रेम सुरू झाल्या की तासभर हाताला काही काम उरत नाही, आणि रिकामी मुलं अंधारात तिवईभोवती फिरतात. ती मोठी दुर्बीण यासाठी बाहेर काढा. कॅमेरा पलीकडे एम ४२ टिपत असताना मुलांनी तोच आयपीसमधून पाहावा. डोळ्यांना तो राखाडी-हिरवट दिसतो, कॅमेऱ्यात गुलाबी, आणि खरा रंग कुठला हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. अंधारात डोळ्यांतल्या शलाका पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. तेजोमेघात हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश भरपूर असतो, पण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून त्यातून एम ४२ गुलाबी येतो, आणि फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यात गडद लाल. डोळा आणि कॅमेरा दोघंही आपापल्या परीने काहीतरी गाळतात.

लाल टॉर्च सगळ्यांकडे हवी, पण लाल टॉर्चही लेन्ससमोर धरली की फ्रेम गेली. दव पडणाऱ्या रात्री लेन्सभोवती उबदार पट्टी गुंडाळा. दव जमतंय हे ओळखायची खूण: लागोपाठच्या फ्रेममध्ये तारे फुगत आणि मंद होत जातात. काच पुसू नका, पुसल्याने डाग पडतात. गरम हवेने वाळवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात ठेवा.

निघण्याआधी कॅलिब्रेशनच्या फ्रेम. सगळे दमलेले असतात आणि हाच टप्पा टाळला जातो, पण फोटो छान होणार की नुसता बरा, ते इथे ठरतं. डार्क म्हणजे लेन्सवर झाकण घालून घेतलेल्या फ्रेम, तेच एक्स्पोजर, तोच आयएसओ, तेच तापमान, २० ते ३०. व्ह्यूफाइंडरही झाका, त्यातून प्रकाश शिरतो. दुसऱ्या दिवशी उबदार खोलीत घेतलेले डार्क सेन्सरचा वेगळाच नॉइज दाखवतात. ते वजा केले की फोटोत काळे टिंब पडतात. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो: लेन्सवर पांढरं कापड ताणायचं, त्यावर पांढरा पडदा लावलेला टॅबलेट ठेवायचा, हिस्टोग्रामचा उंचवटा मध्याच्या आसपास येईल असं एक्स्पोजर द्यायचं, २० ते ३०. ते सेकंदाच्या पाव भागाहून कमी नको, नाहीतर पडद्याच्या लुकलुकण्याचे पट्टे उमटतात. फ्लॅट घेईपर्यंत फोकस हलवायचा नाही, कॅमेरा लेन्सपासून काढायचा नाही आणि ॲपर्चर बदलायचं नाही, कारण सेन्सरवरच्या धुळीची सावली आणि कोपऱ्यातला अंधार त्याच जागी सापडला पाहिजे. बायस (सेन्सर वाचतानाच येणारा नॉइज टिपणाऱ्या फ्रेम) सर्वांत सोपे: झाकण घालून सर्वांत लहान शटरवर ५०. डार्क वजा होतात आणि फ्लॅटने भागतात. असं का, हे मुलांना विचारा: कोपऱ्यात प्रकाश ६० टक्केच पोचत असेल तर त्याला ०.६ ने भागलं की मूळ आकडा परत मिळतो. वजाबाकीने मिळणार नाही.

ट्रॅकरवर दर दहा फ्रेमनंतर कॅमेऱ्याची दिशा दहा-पंधरा पिक्सेल सरकवा. याला डिदरिंग म्हणतात. न सरकवल्यास सेन्सरचा ठरावीक नॉइज स्टॅकमध्ये पावसाच्या तिरक्या धारांसारखा उमटतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही.

वर्गात परतल्यावर कच्च्या फ्रेम प्रत्येक मुलाला द्या, तयार चित्र नको. स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. सिरिलला चार फोल्डर लागतात: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस, नावं त्याच्या स्क्रिप्टमध्ये असतील तशीच हवीत, एक अक्षर चुकलं तर स्क्रिप्ट थांबते. जागा आधी मोजा. २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटमध्ये उघडली की २८८ मेगाबाइट होते; १२० फ्रेमच्या दोन प्रती मध्यावर साठतात, म्हणजे सत्तर गिगाबाइट. शाळेच्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त वेळा अडतं ते इथेच. १६ बिट निवडला तर निम्म्यात भागतं.

स्टॅक करण्याआधी फ्रेम निवडा. तारे सगळीकडे एकाच दिशेने लांबट असतील तर ट्रॅकिंग चुकलं. कोणत्या अक्षात चुकलं हे कळायला त्या रात्री ट्रॅकर बंद करून घेतलेली एक फ्रेम कामी येते: त्यातली रेघ पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. लांबटपणा त्याच दिशेने असेल तर दोष गिअरचा किंवा वेगाचा. काटकोनात असेल तर ध्रुव चुकलाय. तारे एका बिंदूभोवती कमानीत फिरल्यासारखे दिसले तरीही ध्रुवच. फक्त कोपऱ्यांत लांबट असतील तर लेन्सचा दोष, ॲपर्चर एक पायरी बंद करा. तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळी कडा आली तर तेच औषध. गोल पण जाड असतील तर फोकस किंवा दव. एका फ्रेममध्येच जोडतारे दिसायला लागले तर कोणाचा तरी पाय लागला, वही बघा. उपग्रहांच्या रेघांनी मात्र घाबरून फ्रेम फेकू नका. सिग्मा क्लिपिंग निवडलं की इतर शंभर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल आपोआप गळतात.

स्टॅक तयार झाला की पडद्यावर काळंकुट्ट चित्र येतं आणि वर्गात निराशा पसरते. ते बरोबरच आहे, माहिती अजून खालच्या पायऱ्यांत दडलेली आहे. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेच (अंधुक पायऱ्या ताणून उजळ दाखवणारं बटण) दाबलं की सगळं झळकतं, पण ते फक्त दाखवण्यापुरतं असतं. मुलं तेवढ्यावर खूश होऊन फाइल सेव्ह करतात आणि घरी उघडल्यावर पुन्हा काळं. क्रम असा ठेवा: कडा कापा, पार्श्वभूमीचा उतार काढा, रंग जुळवा, आणि त्यानंतर खरं स्ट्रेचिंग, थोडं थोडं, तीन-चार वेळा. आकाश पूर्ण काळं करू नका. हिस्टोग्रामची डावी कड कापली गेली की एम ३१ ची बाहेरची तबकडी तिच्यासोबत जाते. एम ४२ चा गाभा तीस सेकंदांत जळतोच. त्यासाठी दोन-तीन सेकंदांच्या वीस-तीस फ्रेम वेगळ्या घेऊन नंतर मिसळायच्या, तेव्हा गाभ्यातले तारे दिसू लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी शार्पनिंगची साधनं वर्गात पहिल्या वर्षी तरी नकोत. ती छान दिसणारे तंतू काढून देतात, आणि त्यातले कुठले आकाशातून आले हे मुलाला सांगता येत नाही.

चित्र झाल्यावर ते मोजायला घ्या. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या सेवेवर चढवलं तर फ्रेमचं स्थान आणि एका पिक्सेलच्या विकला मिळतात. फळ्यावर काढलेल्या चारशी ताडून बघा. कृत्तिका आणि कर्केतला एम ६७ दोन्ही टिपले असतील तर प्रत्येकी तीस ताऱ्यांची निळ्या आणि हिरव्या चॅनेलमधली तेजस्विता मोजून आलेख काढा: कृत्तिकांचे ठळक तारे निळ्या बाजूला, एम ६७ चे पिवळ्या-नारिंगी. एक गुच्छ तरुण, दुसरा जवळपास सूर्याच्या वयाचा, हे स्वतः मोजलेल्या ठिपक्यांतून दिसतं.

ढगाळ आठवड्यात स्मार्ट दुर्बिणीच्या (स्वतःच लक्ष्य शोधून फोटो रचणारी) किंवा दूरस्थ वेधशाळांच्या फ्रेम वापरता येतात. स्मार्ट दुर्बीण साध्या उंची-दिगंश बैठकीवर (वर-खाली आणि आडवी फिरणारी) असेल तर फ्रेममधलं आकाश हळूहळू गोल फिरतं, आणि वस्तू डोक्यावर असताना सर्वांत वेगाने फिरतं. म्हणून तिची एक्स्पोजर दहा-वीस सेकंदांचीच असतात आणि स्टॅकचे कोपरे कापावे लागतात. तिच्या सेटिंगमध्ये सुट्या फ्रेम साठवायचा पर्याय अनेकदा बंद असतो. तो चालू करा, नाहीतर तयार चित्रच हाती येतं आणि मुलांना करायला काही उरत नाही.

कच्च्या फाइल पुसू नका. १९ मे २०२३ रोजी कोइची इतागाकी यांना एम १०१ मध्ये अतिनवतारा सापडला, एसएन २०२३ आयएक्सएफ. त्याच्या आदल्या एक-दोन रात्री हौशी निरीक्षकांनी त्या दीर्घिकेचे काढलेले फोटो स्फोटाची वेळ ठरवायला उपयोगी पडले. त्यासाठी फाइलला तारीख आणि वेळ अचूक हवी. फोल्डरच्या नावात वस्तू, तारीख, लेन्स आणि एक्स्पोजर लिहा, आणि निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा. बहुतेक कॅमेऱ्यांत ते काही मिनिटं तरी चुकलेलं सापडतं.